इंकजेट प्रिंटरवर सर्किट बोर्ड : जुळणी साधली तरच फायदा

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मोटार वाइंडिंग, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर, यंत्रमागाची विजेची कामे – या धंद्यांत आपल्या समाजातील हजारो कारागीर आहेत. यांपैकी बहुतेकांनी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. उस्तादाच्या हाताखाली बसून, चटके खाऊन, दोन-चार ट्रान्झिस्टर जाळून त्यांनी हा हुनर मिळवला आहे. परंतु काळ बदलला. पूर्वी एखादा घटक बदलला की यंत्र सुरू होत असे. आज गिऱ्हाईक सरळ म्हणते, "अख्खा बोर्डच बदला." आणि जुन्या यंत्राचा बोर्ड बाजारात मिळत नाही. कधी कंपनी बंद पडलेली असते, तर कधी ते मॉडेलच कालबाह्य झालेले असते.

अशा वेळी ज्याला स्वतः बोर्ड बनवता येतो, त्याच्याकडे काम चालून येते. एक-दोन नगांसाठी मोठा कारखाना दारात उभे करत नाही. परदेशातून मागवावा तर आठवडा-दोन आठवडे सहज जातात, आणि तोवर गिऱ्हाइकाचे यंत्र बंद राहते. म्हणून कागदावर छापणाऱ्या साध्या इंकजेट प्रिंटरवर थेट तांब्याच्या पत्र्यावर सर्किट छापण्याची पद्धत जगभरातील हौशी कारागिरांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विकसित केली. या पद्धतीत यश-अपयश कशावर ठरते? शाईवर थोडे, प्रिंटरवर थोडे. पण सर्वांत जास्त ठरते ते जुळणीवर. बोर्ड प्रिंटरमध्ये नेमका कुठे, किती सरळ आणि दर वेळी त्याच जागी जातो का, यावर. आजचा लेख त्याच विषयावर आहे.

एका चुकीची किंमत

प्रथम स्वतःची चूक सांगतो, म्हणजे पुढचे सांगण्याचा अधिकार राहील.

काही वर्षांपूर्वी कापड रंगवण्याच्या एका कारखान्यातून जुन्या यंत्राचा तापमान नियंत्रणाचा बोर्ड माझ्याकडे आला. मूळ बोर्ड जळून कोळसा झाला होता. मी त्याचे रेखाटन उतरवून घेतले आणि दोन्ही बाजूंना तांबे असलेला नवा बोर्ड छापला. छिद्रे पाडताना लक्षात आले की वरच्या आणि खालच्या बाजूच्या छपाईत सुमारे ०.७ मि.मी. फरक पडला आहे. माझे पॅड १.८ मि.मी. व्यासाचे होते आणि छिद्र ०.८ मि.मी.चे. म्हणजे छिद्राभोवती चारी बाजूंनी अर्धा मि.मी. तांबे राहायला हवे होते. ०.७ मि.मी. सरकल्यामुळे एका अंगाला छिद्र पॅडच्या बाहेर ०.२ मि.मी. निघाले. दुसऱ्या अंगाला जे तांबे उरले त्यावर मी भरपूर सोल्डर चढवले. बोर्ड चालू झाला. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन गेले.

आठव्या दिवशी रात्री यंत्र बंद पडले. उष्णतेने आणि हादऱ्याने ते अर्धवट पॅड सुटले होते. रंगाच्या हौदात असलेले कापड खराब झाले. कारखानदाराने आवाज चढवला नाही, एवढेच विचारले, "भाई, तुम्हाला बोर्ड पाहताना काहीच दिसले नव्हते का?"

मला दिसले होते. हीच खरी लाजेची गोष्ट होती. मी पैसे परत केले, नवा बोर्ड फुकट करून दिला आणि कापडाच्या नुकसानीतही वाटा उचलला. त्यानंतर महिनाभर मी नवे काम घेतले नाही. फक्त ही जुळणी शिकत बसलो.

पद्धत काय आहे?

छापील सर्किटची कल्पना मुळात छापखान्यातूनच आली. व्हिएन्नात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ साली लंडनमध्ये छापील सर्किट असलेला रेडिओ तयार केला. तांब्याच्या पत्र्यावर हवा तेवढा भाग झाकायचा आणि उघडा राहिलेला भाग रसायनाने खाऊन टाकायचा, हे तत्त्व आजही तेच आहे. आपण बाजारातून जो कॉपर क्लॅड आणतो त्यावर साधारणपणे ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर असतो. त्यावर रेषा झाकण्यासाठी कोणी पेन वापरतो, कोणी स्क्रीन छपाई करतो, कोणी लेझर प्रिंटरचा कागद इस्त्रीने चिकटवतो. इंकजेटच्या पद्धतीत मधला कागदच नाही. बोर्ड प्रिंटरमध्ये घालायचा, शाई थेट तांब्यावर पडते, ती भट्टीत तापवून पक्की करायची आणि मग बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये सोडायचा.

यासाठी कोणताही प्रिंटर चालत नाही. इंकजेटचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात शाई क्षणभर उकळवून थेंब बाहेर फेकला जातो. दुसऱ्यात विजेच्या दाबाने वाकणारा बारीक स्फटिक शाईला ढकलतो. याला पिझो पद्धत म्हणतात. एप्सन कंपनीने १९९३ पासून आपल्या स्टायलस प्रिंटरमध्ये हीच पद्धत आणली. शाई उकळावी लागत नसल्याने पिझो प्रिंटरमध्ये वेगळ्या प्रकारची शाई घालणे शक्य होते. शाई मात्र पिगमेंट जातीची हवी. साधी डाय शाई पाण्यात विरघळते, ती रसायनात टिकत नाही. राळ मिसळलेली पिगमेंट शाई तापवली की तांब्यावर घट्ट बसते.

दुसरी अट म्हणजे सरळ मार्ग. कागद वळतो, बोर्ड वळत नाही. समोरच्या ट्रेमधून कागद घेऊन त्याला पोटात उलटा फिरवणारा प्रिंटर आपल्या कामाचा नाही. सीडीवर छापण्यासाठी सपाट ट्रे असलेला प्रिंटर उत्तम. आपल्याकडे ओळखपत्राची पीव्हीसी कार्डे छापणाऱ्या दुकानांतून एप्सन एल ८०० किंवा एल ८०५ सारखी यंत्रे अनेकांनी पाहिली असतील. त्यात असाच ट्रे जातो. यात एक सोयीचा योगायोग आहे. पीव्हीसी कार्ड ८५.६ × ५४ मि.मी. आकाराचे आणि ०.७६ मि.मी. जाडीचे असते. कॉपर क्लॅड ०.८ मि.मी. जाडीतही मिळतो. म्हणजे कार्डाच्या मापाचा तुकडा कापला की तो कार्डाच्या खाचेत बसतो आणि शाईचे डोके त्याला घासत नाही. टायमर, सेन्सर, रिले अशा छोट्या सर्किटांना तेवढी जागा पुरते. परंतु त्या यंत्रातील शाई डाय जातीची असते, हे विसरू नये. ज्या प्रिंटरवर रोजची कमाई आहे त्याची शाई बदलून प्रयोग करू नका. या कामासाठी जुना, वेगळा प्रिंटर घ्या.

नेहमीचा १.६ मि.मी.चा बोर्ड वापरायचा असेल तर डोके ज्या दांड्यावर सरकते तो दांडा दोन्ही टोकांना अगदी सारखा उचलावा लागतो. एक टोक जास्त उचलले गेले तर डाव्या-उजव्या बाजूची छपाई वेगवेगळी येते. बाहेर पडण्याच्या जागी ज्या दातेरी चकत्या असतात त्या ओल्या शाईवर चरे पाडतात. त्याही काढाव्या लागतात.

चुका तीन प्रकारच्या

छपाई चुकली की आपण म्हणतो, "सरकली." पण सरकणे एक प्रकारचे नसते. रोग ओळखल्याशिवाय औषध देता येत नाही.

पहिली चूक जागेची. संपूर्ण चित्र डावीकडे, उजवीकडे, पुढे किंवा मागे सरकते. ही मोजायला आणि सुधारायला सर्वांत सोपी.

दुसरी चूक तिरकेपणाची. बोर्ड थोडासा वाकडा गेला तर जवळच्या भागात काही कळत नाही, पण लांब टोकाला फरक वाढत जातो. एक अंश तिरकेपणा असेल तर १०० मि.मी. अंतरावर जवळजवळ पावणेदोन मि.मी. फरक पडतो. अंशाच्या दहाव्या भागानेसुद्धा ०.१७ मि.मी. सरकते. म्हणून सुतार जसा गुण्या लावल्याशिवाय चौकट ठोकत नाही, तसा बोर्ड काटकोनात कापल्याशिवाय छापू नये.

तिसरी चूक मापाची. चित्र किंचित मोठे किंवा लहान छापले जाते. चाळीस पायांच्या आयसीच्या एका रांगेत वीस पाय असतात आणि पायांतील अंतर २.५४ मि.मी. म्हणजे पहिल्या पायापासून शेवटच्यापर्यंत ४८.२६ मि.मी. छपाईत एक टक्का फरक पडला तर शेवटचा पाय जवळपास अर्धा मि.मी. चुकतो. प्रिंट करताना पानाच्या मापात बसवण्याची सोय आणि कडेपर्यंत छापण्याची सोय, दोन्ही बंद ठेवा. माप शंभर टक्केच असू द्या. तसेच डोके जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापते ती जलद सोय बंद करा, नाहीतर उभ्या रेषा करवतीसारख्या येतात. मग १०० मि.मी.चा चौकोन छापून दोन्ही दिशांनी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. आडवे माप डोक्याच्या पट्टीवर ठरते, उभे माप रबरी रोलरवर. त्यामुळे दोन्हीतील फरक वेगळा असू शकतो आणि दुरुस्तीही वेगळी करावी लागते.

या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक भेद आहे. चूक ठरलेली आहे की भटकी? एकच अधिक-चिन्ह एकाच बोर्डावर, दर वेळी ट्रे बाहेर काढून पुन्हा घालून, दहा वेळा छापा. दहाही चिन्हे एकमेकांवर बसली, पण हव्या त्या जागेपासून एक मि.मी. दूर पडली, तर काळजी नको. ती ठरलेली चूक आहे. संगणकात चित्र एक मि.मी. उलट दिशेला सरकवले की काम झाले. पण दहा चिन्हे दहा जागी पडली तर संगणकात कितीही आकडे बदला, उपयोग नाही. आधी भटकंती थांबवा, मग दुरुस्ती करा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात आणि बोर्डावर बोर्ड वाया घालवतात.

भटकंती थांबवण्याचे उपाय

१) बोर्ड एकटा घालू नका. तो वाहक पत्र्यावर बसवा. ट्रे असलेल्या प्रिंटरमध्ये ट्रे हाच वाहक. नसेल तर सुमारे एक मि.मी. जाडीचा ताठ ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. त्याची पुढची कडा आणि बाजूची कडा कानसीने काटकोनात आणा. रोलरला कायम हीच कडा लागणार आहे. पत्र्याची जाडीही उंचीत धरा, १.६ मि.मी.च्या बोर्डाखाली एक मि.मी.चा पत्रा आला की एकूण २.६ मि.मी. होतात.

२) कडेला टेकू द्या. पत्रा ज्या बाजूने आत जातो तिथे सरळ पट्टी घट्ट बसवा आणि पत्रा नेहमी त्याच बाजूला दाबून सोडा.

३) पत्रा दोन्हीकडे समपातळीवर आधारलेला असावा. मागचा भाग हवेत लटकला तर वजनाने रोलर घसरतो आणि छपाई ताणली जाते.

४) रबरी रोलर स्पिरिटने पुसा. जुन्या रोलरवर कागदाची धूळ बसून तो गुळगुळीत होतो.

५) प्रिंटर कागदाची पुढची कडा एका खटक्याने किंवा प्रकाशाच्या डोळ्याने ओळखतो. चकाकणारे तांबे पाहून हा डोळा फसतो. म्हणून पत्र्याच्या पुढच्या भागावर पांढरी कागदी पट्टी चिकटवा. तिची कडा पत्र्याच्या कडेशी एकदम बरोबर असू द्या.

६) बोर्ड बसवण्याची जागा प्रिंटरलाच दाखवू द्या. वाहकावर कागद चिकटवा आणि त्यावर बोर्डाची चौकट छापा. मग त्या चौकटीतच बोर्ड बसवून पुन्हा छापा. आपण मोजून आखलेल्या चौकटीपेक्षा प्रिंटरने स्वतः छापलेली चौकट अधिक भरवशाची. कारण प्रिंटरची ठरलेली चूक तिच्यातही तेवढीच असते आणि ती आपोआप वजा होते.

कारखान्यांत हे काम कॅमेरा करतो. बोर्डाच्या कोपऱ्यांवर खुणा असतात. यंत्र त्या पाहते आणि बोर्ड वाकडा असेल तर चित्रच तेवढे वळवून छापते. आपल्याकडे कॅमेरा नाही, म्हणून बोर्डालाच हलू द्यायचे नाही.

दोन्ही बाजूंचा बोर्ड : खरी परीक्षा

एका बाजूच्या बोर्डात चित्र अर्धा मि.मी. सरकले तरी बिघडत नाही, कारण छिद्रे चित्र पाहूनच पाडायची असतात. दोन बाजूंच्या बोर्डात मात्र एकच छिद्र दोन्ही पॅडमधून जायचे असते. कच्छमधील अजरखपूरचे खत्री कारागीर कापडाच्या दोन्ही बाजूंना अजरख छापतात, तेव्हा पुढची नक्षी आणि मागची नक्षी एकमेकींवर बसवतात. आपले काम त्याच जातीचे आहे, फक्त कापडाऐवजी तांबे आहे.

येथे बहुतेक जण ज्या ठिकाणी फसतात ते नीट समजून घ्या. समजा, ट्रेच्या खाचेची रुंदी ५४ मि.मी. आहे आणि तुमचा तुकडा ५३.६ मि.मी. कापला गेला. पहिल्या बाजूला तुम्ही बोर्ड डाव्या कडेला टेकवला. उलटा केल्यावर पुन्हा डावीकडेच टेकवला. पण आता डावीकडे बोर्डाची दुसरी कडा आली! म्हणजे मधला ०.४ मि.मी. फरक पूर्णच्या पूर्ण जुळणीत उतरला. उपाय दोन. एक तर बोर्डाची रुंदी काटेकोर खाचेएवढी ठेवा. नाहीतर जी कडा पहिल्यांदा टेकली होती तीच कडा दुसऱ्या वेळी समोरच्या बाजूला टेकवा आणि खाचेची खरी रुंदी मोजून चित्र तिच्या मध्यावर बसवा.

याहून चांगला उपाय म्हणजे खुंट्या. बोर्ड थोडा मोठा कापा. लांबीच्या दिशेने मधोमध एक रेषा आखा. हीच दिशा प्रिंटरमध्ये जाण्याची. त्या रेषेवर दोन्ही टोकांना, वाया जाणाऱ्या भागात, एकेक छिद्र पाडा. ही छिद्रे बोर्ड आणि वाहक पत्रा एकत्र आवळून एकदमच पाडावीत. पत्र्यातील छिद्रांत घट्ट खुंट्या बसवा. आता बोर्ड मध्यरेषेभोवती उलटा केला तरी त्याच खुंट्यांत बसतो; त्याच्या कडा सरळ आहेत की नाहीत याला महत्त्व उरत नाही. दोन खबरदाऱ्या घ्या. खुंटी बोर्डाच्या पृष्ठभागाच्या वर येता कामा नये, नाहीतर डोके आपटून प्रिंटर कायमचा जाईल, १.६ मि.मी. बोर्डासाठी खुंटी १.२ मि.मी. पुरे. आणि दोन्ही खुंट्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेवा, म्हणजे पुढचे टोक मागे जाण्याची चूक होणारच नाही.

आता माझ्या ०.७ मि.मी.चे रहस्य सांगतो. प्रिंटर दोन्ही वेळा चित्र ०.३५ मि.मी. उजवीकडे छापत होता. पहिल्या बाजूला ते उजवीकडे सरकले. बोर्ड उलटल्यावर प्रिंटरची उजवी बाजू बोर्डाची डावी बाजू झाली. म्हणून दोन बाजूंतील फरक दुप्पट, म्हणजे ०.७ झाला. मी मूर्खपणाने दुसऱ्या बाजूचे चित्र अख्खे ०.७ सरकवून पाहिले. बाजू एकमेकींशी जुळल्या, पण पुढच्या वेळी खुंटीपासूनचे माप चुकले. योग्य दुरुस्ती अशी – दोन बाजूंतील आडवा फरक मोजा, त्याच्या निम्मे करा आणि दोन्ही बाजूंची चित्रे प्रिंटरवर त्याच दिशेला तेवढीच सरकवा. तिरकेपणाचेही असेच आहे. उलटल्यावर तो दुप्पट दिसतो, दुरुस्ती निम्मी करावी. मध्यरेषेच्या दिशेने असलेली चूक मात्र दोन्ही बाजूंना सारखीच येते, त्यामुळे दोन बाजू आपसात जुळतात. हा मध्यरेषेवर खुंट्या ठेवण्याचा आणखी एक फायदा.

हा प्रयोग तांब्यावर करू नका. त्याच मापाचा जाड पांढरा कागद खुंट्यांत बसवून दोन्ही बाजूंना छापा, उजेडासमोर धरा. चार कोपऱ्यांवरची चिन्हे एकमेकींवर आली की मगच तांबे घ्या.

उलटे की सुलटे?

इस्त्रीच्या पद्धतीतून या पद्धतीकडे येणारे कारागीर पहिला बोर्ड हमखास उलटा छापतात. इस्त्रीच्या पद्धतीत कागद पालथा पडतो, म्हणून चित्र एकदा आपोआप उलटते. थेट छपाईत तसे होत नाही. संगणकावर खालची बाजू वरून आरपार पाहिल्यासारखी दिसते. म्हणून थेट छापताना वरची बाजू आहे तशी छापायची आणि खालची बाजू आरशात पाहिल्याप्रमाणे उलटवून छापायची. सोपी कसोटी म्हणजे चित्राच्या प्रत्येक बाजूत एखादे अक्षर घाला. छापलेल्या तांब्यावर ते सरळ वाचता आले तर बाजू बरोबर आहे.

शाई, भट्टी आणि रसायन

जुळणी कितीही चांगली असली तरी तेलकट तांब्यावर शाईचे थेंब गोळा होतात आणि बाजूच्या रेषांना जाऊन मिळतात. म्हणून तांबे बारीक काथ्याने घासा, स्पिरिटने पुसा आणि मग बोट लावू नका. काही कारागीर बोर्ड क्षणभर फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून धुतात. त्यामुळे चकाकी जाऊन पृष्ठभाग खरबरीत होतो आणि शाई धरते. छापल्यावर सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटे तापवा. शाईनुसार यात बदल होतो, म्हणून आधी तुकड्यावर पाहा. ग्लास इपॉक्सीचा बोर्ड हे सोसतो. स्वस्तातला तपकिरी कागदी बोर्ड फुगतो आणि वाकतो. तापलेला बोर्ड सपाट जागी सावकाश थंड होऊ द्या. एकदा वाकला की दुसऱ्या बाजूची जुळणी गेलीच, शिवाय डोके घासण्याचा धोका. दोन्ही बाजू छापून भाजून झाल्यावर एकदमच रसायनात सोडा. ही भट्टी अन्नासाठी पुन्हा वापरू नये.

वापरलेल्या फेरिक क्लोराईडमध्ये तांबे उतरलेले असते. ते मोरीत किंवा गटारात ओतू नका. त्याने पाईप खराब होतात आणि पाणी विषारी होते. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा ठरवला आहे, हे वाचकांना सांगायला नको. प्लास्टिकच्या डब्यात साठवा, शक्य तितके पुन्हा वापरा आणि निकामी झाल्यावर रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

धंद्याचा हिशेब

कोणाची दिशाभूल होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. पन्नास-शंभर नग हवे असतील, अगदी बारीक पायांच्या आयसी असतील, किंवा छिद्रांच्या आत तांबे चढवलेले हवे असेल, तर बोर्ड कारखान्यातूनच करून घ्या. घरच्या पद्धतीत छिद्राच्या दोन्ही बाजू तारेने जोडून सोल्डर करावे लागते. ही पद्धत नमुन्यासाठी, दुरुस्तीसाठी आणि आजच्या आज हव्या असलेल्या एक-दोन नगांसाठी आहे. सुरुवात एका बाजूच्या बोर्डाने करा. पॅड मोठे ठेवा, दोन मि.मी.चे पॅड आणि ०.८ मि.मी.चे छिद्र असेल तर चहूकडे ०.६ मि.मी. वाव मिळतो. रेषा अर्ध्या मि.मी.पेक्षा बारीक करू नका. जिथे २३० व्होल्ट येतात त्या रेषा एकमेकींपासून निदान तीन मि.मी. आणि माणसाचा हात लागू शकणाऱ्या कमी व्होल्टेजच्या भागापासून निदान सहा ते आठ मि.मी. दूर ठेवा. येथे बचत करणे म्हणजे एखाद्याच्या जिवाशी खेळणे.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांचा उल्लेख येतो. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत बनवताना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा दिली. एका पैगंबराला हुनर देताना त्यासोबत मापाची ताकीदही दिली गेली, यावर आपण कारागिरांनी थांबून विचार केला पाहिजे. चिलखताची एक कडी सैल राहिली तर तीर तिथूनच शिरतो. बोर्डाचे एक पॅड अर्धवट राहिले तर यंत्र तिथेच बंद पडते.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि खालचे धान्य ओले आढळल्यावर, ते वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. सोल्डरखाली झाकलेले चुकीचे छिद्र म्हणजे तेच ओले धान्य. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. प्रत्येक बोर्ड घटक बसवण्यापूर्वी उजेडासमोर धरतो. छिद्राभोवती तांब्याचे पूर्ण कडे दिसले नाही तर तो बोर्ड त्याच वेळी तोडून टाकतो, म्हणजे संध्याकाळच्या घाईत तो पुन्हा हाती लागायला नको. वाया गेलेल्या तुकड्याची किंमत थोडी असते; रंगाच्या हौदात खराब झालेल्या कापडाची किंमत मी मोजलेली आहे.

आपल्या वस्तीतील अनेक मुले मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत शिकत आहेत. त्यांच्या उस्तादांनी त्यांना इस्त्री आणि सोल्डरबरोबर गुण्या आणि व्हर्निअरही हातात द्यावा. यंत्रे बदलतील, शाई बदलेल, पण ज्याला मापाची सवय लागली त्याचा हुनर जुना होणार नाही. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो आणि हातच्या कामात बरकत देवो. आमीन.